घराचं चित्र

भंडाऱ्यातल्या माझ्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला साठीची एक बाई यायची. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. घराचा एकही फोटो नव्हता, म्हणून तिला ते कागदावर काढायचं होतं. मी मात्र तीन महिने तिच्याकडून रेषा आणि ठोकळेच गिरवून घेतले. चुकलं की ती खोडरबर सोडून पदराच्या टोकानं पुसायची.

"घर कवा शिकवता, सर?"

"आधी रेषा सरळ येऊ द्या, मावशी."

"माह्या घराची एकबी भित सरळ नव्हती जी," ती हसून म्हणाली आणि पुन्हा ठोकळा काढू लागली.

दिवाळीनंतर तिची सून वही न्यायला आली. सासूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं.

"त्यायचं घर कोन्त्या पानावर हाय, सर?" तिनं विचारलं.

मी ते काढूच दिलं नव्हतं.