भुऱ्यासाठी खोली पाहिजे

एकट्या माणसानं खोली शोधली की खोली मिळते, कुत्र्याला घेऊन शोधली की किस्से मिळतात! आमच्या मूल गावच्या पोस्टात चहाच्या वेळी अजूनही कोणीतरी त्यातला एक काढतो, मग दुसऱ्याला तिसरा आठवतो आणि चहा गार होतो. सगळ्यांत मी आणि माझा भुऱ्या असतोच, म्हणून ते मीच सांगितलेले बरे.

भुऱ्या म्हणजे माझा कुत्रा. कोरपन्याला नोकरीत होते तेव्हा सिमेंटच्या ट्रकांच्या रस्त्यावर मला सापडला. इवलंसं पिल्लू, एक कान दुमडलेला. मूलला बदली झाली तेव्हा तो माझ्यासोबत जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आला, जणू ऑर्डर त्याच्याच नावाची होती!

सुरुवातीला पोस्टमास्तर साहेबांनी आपल्या क्वार्टरची मागची खोली दिली. पण थोड्याच दिवसांत साहेब माझ्या टेबलाशी येऊन घुटमळले. "मॅडम, पोरगी बाळंतपनाले येऊन राह्यली. मागची खोली तिले लागन. महिना संपेपर्यंत पाहा काही."

मला एकटीला कुठेही जागा मिळाली असती. भुऱ्यासकट नाही मिळाली, तर त्याला कोरपन्याला नेऊन सोडायचं, त्याच ट्रकांच्या रस्त्यावर. दुसरं कोणी त्याला ठेवून घेणारं नव्हतं.

*

पहिलं घर बसस्टँडच्या मागे, एका रिटायर्ड गुरुजींचं. खोली छान, नळ आत, खिडकीला जाळी. मी कुत्र्याचं सांगितलं. गुरुजी हसले.

"मॅडम, कुत्रा मले चालते. पन तो बिबट्याले बी चालते नं, तेच तं वांदं हाय!"

आमच्याकडे जंगल गावाला खेटून आहे. बिबट गावात शिरतो तो बहुतेक कुत्र्यासाठीच. अंगणात कुत्रा बांधणं म्हणजे त्याला जेवायचं आवतन देणं. म्हणून मी म्हटलं, "गुरुजी, मी त्याला घरातच ठेवीन."

गुरुजींनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाहेर बांधाल तं बिबट येते. अंदर बांधाल तं आमची घरवाली येते. अन् मॅडम, बिबट्याले मी नाई भेत!"

*

आमचे पोस्टमन देवराव भाऊ. पोस्टमन आणि कुत्रा यांचं काय नातं असतं ते वेगळं सांगायला नको. भाऊंच्या पोटरीवर त्याची खूणही आहे. तरी माझं तोंड उतरलेलं पाहून तेच म्हणाले, "मॅडम, टेन्शन काऊन घेता? ज्या घरचे कुत्रे मले चावले ते घरं सोडून सारं मूल पाहू!"

दुसऱ्या दिवसापासून ते टपाल देता देता प्रत्येक दारात विचारू लागले, "खोली हाय का रिकामी? घाई हाय."

दुपारी त्यांची बायको शकुनबाई तणतणत पोस्टात हजर! "काऊन जी, मी तुमाले घरातून हाकललं का? सारा वार्ड मले विचारून राह्यला, देवराव भाऊले काऊन काढलं म्हनून!"

भाऊंच्या हातातला शिक्का हातातच राहिला. "अवं, माह्यासाठी नाई. मॅडमच्या कुत्र्यासाठी पायजे."

शकुनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "कुत्र्यासाठी एवढे फिरून राह्यले? आपलं घर बांधाच्या वक्ती तं हालत नव्हते जागचे!"

सगळं पोस्ट हसलं. पण त्या दिवसापासून शकुनबाई स्वतः शोधायला लागल्या, आणि नवऱ्यापेक्षा जोरात.

*

भुऱ्याला घेऊन देवराव भाऊ आणि मी राईस मिलच्या मालकांकडे गेलो. त्यांचा एकच प्रश्न, "भुकते का?"

मी अभिमानानं म्हटलं, "अजिबात नाही! फार गरीब आहे."

"मंग ठेवून फायदा काय? मिलमध्ये असे दोन चौकीदार हायच माह्याकडं."

मी धडा घेतला. पुढच्या घरी एक आजोबा खाटेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "भुकते का?" मी तत्काळ म्हटलं, "खूप! सारखा भुंकतो!"

"मंग नाई जमत, बाई. माही झोप लई कच्ची हाय."

हे चालू असताना भुऱ्या आजोबांच्या पायाशी केव्हाच घोरायला लागला होता.

*

आमच्या कॅशियरला वाटलं, कुत्रा हा शब्दच पहिल्या झटक्यात काढू नये. त्यानं एका घरमालकिणीला फोन लावला. "आमच्या मॅडम हायत, लई सज्जन. संगं फक्त भुऱ्या राहीन."

आम्ही घर पाहायला गेलो, तर मालकीणबाई दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या! "पोरी, नवरा चालते, भाऊ चालते. नुसता भुऱ्या नाई चालत आमच्या इथी!"

कॅशियरनं घाईघाईनं खुलासा केला. बाईंनी सुस्कारा सोडला, आम्हाला आत बोलावलं, चहा केला, भुऱ्याला पोळी घातली, दुमडलेला कान कुरवाळला. मी मनात सामानसुद्धा लावून टाकलं. निघताना म्हणाल्या, "खोली तं मी कालच एका मास्तरले देली. पन चहाले येत जा दोघंही."

*

खरं सांगते, खोली मिळाली नाही तरी या गावाचे उपकार माझ्याच्यानं फिटणारे नाहीत. कोण कुठली मी, आणि माझ्या कुत्र्यासाठी अख्खं पोस्ट उन्हातान्हात दारं ठोठावत होतं. महिना संपत आला तेव्हा मी भुऱ्याला परत न्यायला कोरपन्याच्या जीपवाल्याला सांगून ठेवलं. ते ऐकून शकुनबाई तडक उठल्या. भुऱ्याची साखळी हातात घेतली आणि मला म्हणाल्या, "चला."

गावाच्या टोकाला अनुसयाबाईंचं कौलारू घर. बाई एकट्या राहतात. अंगणात धान वाळत होतं. त्यांनी भुऱ्याला पाहिलं आणि मान हलवली. "कुत्रा नाई. माहा होता एक. याच आंगनातून बिबट्यानं नेला. पुन्हा तसं मले पाहनं नाई होत."

आम्ही उठलो. भुऱ्या काही उठेना. मी साखळी ओढली, तर तो अनुसयाबाईंच्या पायावर मान टाकून पसरला. बाईंनी हळूच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठल्या आणि आतून किल्ली घेऊन आल्या.

घरात दोन खोल्या होत्या. आतली पक्क्या भिंतींची, सागवानी दाराची, लोखंडी अडसराची. बाहेरची पडवीला लागून, तिच्या दाराची एक फळी निखळलेली.

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "बाई, तुम्ही आतच राहा. मी आणि भुऱ्या बाहेरच्या खोलीत राहू."

"त्याले बाहेर?" अनुसयाबाई कडाडल्या. "तो अंदर झोपन, माह्यापाशी. बाहेर तुमी झोपा."

मी त्या निखळलेल्या फळीकडे पाहिलं. "आणि बाई, बिबट आला तर?"

अनुसयाबाईंनी भुऱ्याची साखळी माझ्या हातातून घेतली.

"तुमाले कायले नेते तो! तुमी तं सरकारी हाय."