बिनपाण्याचा धंदा

मी अंबिका, करमाडची. दोन हजार तेराच्या दुष्काळात आम्ही मेंढरं विकली, तवा सांभाळायला माझ्याजवळ फक्त माझी अक्कल उरली. तिलाबी मी नीट सांभाळलं नाय.

मंजुषाताईंनी गावात बचत गट काढला होता. गटातल्या बायांना बँक धंद्यासाठी दहा-दहा हजार देणार होती. ताई एकेकीला धंदा विचारत होत्या. कुणी शेळ्या म्हणाली, कुणी पापड. माझी पाळी आली तवा मी काईच ठरवलं नव्हतं. समोरून शेंद्र्याच्या कारखान्यातले कामगार कडक शर्टात चालले होते. मी ठोकून दिलं, "इस्त्री!"

बाया पोट धरून हसल्या. हसतीलच. माझी साडी गाठोड्यातून आत्ताच उपसल्यागत चुरगळलेली.

"हसा," मी म्हणाले. "पण या दुष्काळात पाणी लागत नाय असा दुसरा धंदा दाखवा."

ताईंनी माझ्या नावापुढं इस्त्री लिहून टाकलं. मला वाटलं, माझ्यासारखी हुशार बाई तालुक्यात नाय.

अंगठा द्यायचा नाय, अशा हट्टानं मी आठ दिवस सही गिरवली. बँकेत तीन कागदांवर तीन सह्या केल्या. साहेबांनी त्या शेजारी-शेजारी ठेवून विचारलं, "यातली अंबिका कोणती?"

"तिन्ही मीच. पहिली जरा घाबरलेली हाये."

माझी सासू बानाबाईबी गटातच. तिनं एका दमात अंगठा उमटवला आन् पंख्याखाली जाऊन बसली. शेवटी साहेबांनी माझ्यापुढंबी शाईचा डबा सरकवला.

कोळशाची इस्त्री घेतली, टेबल घेतलं, कामगारांच्या खोल्यांजवळ पत्र्याचं शेड टाकलं. पहिलं गिऱ्हाईक कृष्णा, मशीनवर काम करणारा. नवाकोरा शर्ट देऊन गेला. मी इस्त्री फिरवली, पण चुण्या हटंनात. मंग कळलं, कापडावर पाणी शिंपडावं लागतं. टँकर तिसऱ्या दिवशी येणार होता. मी घरी तांब्या घेऊन गेले तर बानाबाई हंड्याला आडवी.

"बिनपाण्याचा धंदा म्हणालीस ना? मंग कर की!"

मी परत आले आन् कोरड्याच शर्टावर इस्त्री दाबून धरली. दाबली, दाबली. उचलली तर पाठीवर इस्त्रीएवढा काळा डाग.

पळून जावं वाटलं, पण शेड तिथंच राहणार होतं. मी शर्ट घेऊन कृष्णाच्या खोलीवर गेले. "दादा, जाळला मी. पैसे नाहीत. तीन महिने तुमचे कपडे फुकट करते."

तो शर्ट पाहत राहिला. "तीन महिन्यांत बाकीचेबी जाळाल?"

"नाय. आता पाणी मारीन."

तो हसायलाच लागला. त्यानं तो शर्ट कामगारांच्या सगळ्या खोल्यांत दाखवला. लोक मला बघायला आले, थट्टा करून गेले, आन् जाताना कपडे ठेवून गेले. बानाबाई तांब्याभर पाणी द्यायला लागली, तेबी मोजून.

पहिलं कर्ज वर्षात फिटलं. दुसऱ्या कर्जातून विजेची इस्त्री आली. पुढं मोठमोठ्या इमारती उठल्या, तिथल्या पंधरा घरांचे कपडे माझ्याकडं येतात. नवरा आदिनाथ सायकलवर गठ्ठे पोचवतो. मागल्या महिन्यात त्यानं एका साहेबाची पँट दुसऱ्याच साहेबाला दिली. दोघांची माफी मागायला मीच गेले. त्या कामात माझा हात आता चांगला बसलाय.