डॉक्टर नसलेल्या दवाखान्याची बातमी

पेपरात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से साठतातच. छापलेलं लोक दुसऱ्या दिवशी विसरतात, न छापलेलं आपल्या डोक्यात राहतं. माझ्या डोक्यातले बरेचसे किस्से नामदेवरावांचे आहेत, आणि ते सांगताना आजही माझं टाळकं सटकतं.

सत्तरच्या दशकात शहरातल्या सदर भागात आमच्या पेपराची कचेरी होती, तिथे मी जिल्ह्याचं पान बघायचो. नामदेवराव भिवापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातले आमचे वार्ताहर, पेशाने मास्तर. बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचे. पहिलीच बातमी होती: गावात दवाखाना बांधला, मंत्र्यांनी फीत कापली, वर्ष झालं तरी डॉक्टर आलेला नाही. त्यांच्या बायकोला दमा होता. धाप लागली की तिला एसटीत घालून उमरेडला न्यावं लागे.

पेपराच्या मालकांनी बातमी बाजूला सारली. म्हणाले, "उद्घाटन आपणच पहिल्या पानावर छापलंय. आता डॉक्टर नाही म्हटलं तर आपणच खोटे पडू."

इतकं निगरगट्ट लॉजिक मी नंतर कुठे ऐकलं नाही.

*

मग नामदेवरावांनी फोटोच पाठवला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बांधलेल्या दोन शेळ्या! मी खूश. फोटोला कोण खोटं म्हणणार? तर मालकांनी छपाईसाठी फोटोचा ब्लॉक करतानाच खालचा भाग कापायला लावला. छापून आलं: 'ग्रामीण दवाखान्याची प्रशस्त इमारत.'

नामदेवराव तो अंक घेऊन थेट कचेरीत आले. "साहेब, माह्या शेळ्या काहून कापल्या?"

त्या दिवशी मी राजीनामा द्यायला हवा होता. दिला नाही, याची लाज वाटते.

*

मग ते रेडिओकडे वळले. गावकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलायचं तर मजकूर आधी लिहून द्यावा लागे. तिथल्या साहेबाने दवाखाना खोडला आणि सांगितलं, "तुमच्याकडची मिरची प्रसिद्ध आहे. तिच्यावर बोला."

ज्यांच्या दारात मिरचीचं एक रोप नव्हतं, ते मास्तर दहा मिनिटं मिरची वाळवण्यावर बोलले. नंतर मला म्हणाले, "त्यायले मिरची चालते साहेब, फक्त झोंबाले नाही पायजे."

*

काही वर्षांनी टीव्ही आला. दवाखान्यात डॉक्टर तेव्हाही नव्हता. गावाची प्रगती दाखवायला टीव्हीवाले नेमके याच गावात गेले. सकाळी जीपमधून एक डॉक्टर उतरला, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. सगळं गाव धावलं. नामदेवरावांनी बायकोला हात धरून आणलं. रांगेत तिचा नंबर सातवा होता.

डॉक्टरने तिघांना तपासलं. कॅमेरावाला म्हणाला, "बस, हो गया." डॉक्टर कोट काढून त्याच जीपमध्ये बसला.

नामदेवराव जीपपुढे उभे राहिले. "साहेब, एवढं माह्या बायकोले पाहून घ्या. केव्हाची धापा टाकून राहिली ते."

"मला फक्त शूटिंगसाठी पाठवलंय," डॉक्टर म्हणाला. जीप त्यांना वळसा घालून गेली.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरने पाकीट आणून दिलं. आत दोनच ओळी होत्या. 'काल आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर आले. तिघांना तपासून निघून गेले.'

मी कागद मालकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि लाल पेन्सिलने दुसरी ओळ खोडली.

"आता कसं, मास्तर चांगलं लिहायला लागले," ते म्हणाले. "घ्या ही. पहिल्या पानावर."