बल्खचा विहार आणि सरांचा आवाज

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, जालन्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत सरांची बैठक भरायची. विषय अरबस्तान आणि इस्लामी जग. तिथली राज्यं, राजकारण, माणसं काय खायची, कशावरून भांडायची, काय लिहायची. सर त्याच कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. ऐकायला उर्दू शाळेतले काही शिक्षक, एक वकील, परीक्षा जवळ नसली तर थोडे विद्यार्थी, आणि बदनापूरहून येणारी मी. मीही इतिहासच शिकवते.

पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, सगळं उर्दूत चालेल आणि मला निम्मं कळणार नाही. पण सर मराठीत बोलायचे. भोकरदनकडच्या धावडा गावच्या शाळेत शिकलेली, शेतशिवारातली मराठी. "दमास्कसचा बाजार म्हंजे काय, आपल्या भोकरदनचा बाजारच समजा, फक्त उंट जास्त," असं म्हणायचे आणि आपणच आधी हसायचे. घरी उर्दू बोलणारा माणूस इथं मराठीत का बोलतो, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "उर्दूत बोललो तर ज्यांना आधीच ठाऊक हाये तेच येतील. मंग माझा उपयोग काय?"

एका बैठकीत सुरुवातीलाच ते माझ्याकडे वळले. "मॅडम, आजची गोष्ट तुमच्या घरची हाये." आणि त्यांनी आताच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख शहरातल्या एका मोठ्या बौद्ध विहाराची हकिकत सांगितली. त्या विहाराचा कारभार एका घराण्याकडे होता. पुढं ते घराणं मुसलमान झालं आणि त्यातले लोक बगदादला खलिफाचे वजीर झाले. त्यांच्या काळात भारतातले वैद्य बगदादला गेले, इथल्या ग्रंथांची तिथं भाषांतरं झाली. आमच्या घरानं धम्म स्वीकारला तो आजोबांच्या काळात. विहार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वस्तीतलं पत्र्याचं सभागृह यायचं. त्या दुपारी पहिल्यांदा ते बगदादपर्यंत लांबलं. घरी जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग पुढं काय झालं त्या लोकांचं?" मी सांगितलं, एका खलिफाची मर्जी फिरली आणि त्यानं ते सगळं घराणं धुळीला मिळवलं.

याच विषयावर सर एक निबंध लिहायला बसले. अरब-इस्लामी इतिहासावरचं एक मोठं चर्चासत्र जालन्यातच होणार होतं, बाहेरून विद्वान येणार होते. सरांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या गावच्या लोकांसमोर अशा व्यासपीठावर बोलायला मिळणार होतं. त्या सुमारास त्यांचा आवाज बसायला लागला. आम्ही म्हणालो, हवा बदललीय, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. भाभींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, काढे करून पाहिले. तपासणीत घशाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं.

मी भेटायला गेले तेव्हा गळ्याला पांढरा रुमाल बांधून ते खाटेवर बसले होते. त्यांनी मोबाइलवर काहीतरी लिहून माझ्यापुढं धरलं. निबंध तुम्ही वाचा.

"सर, चर्चासत्रवाल्यांना सांगू, पुढच्या वर्षी ठेवा म्हणून."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा लिहिलं. गोष्ट तुमच्या घरची पण आहे.

चर्चासत्राच्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले. अंगात इस्त्रीची शेरवानी, अंगापेक्षा मोठी झालेली. सकाळचा सत्कार-समारंभ लांबला आणि आमचं सत्र जेवणाच्या तोंडावर आलं. निम्मं सभागृह उठून गेलं होतं. मी वाचायला लागले. बल्ख झालं, विहार झाला, वजिरी आली, आणि अध्यक्षांनी घंटी वाजवली. "मॅडम, वेळ संपली. थोडक्यात आवरा."

शेवटचा भाग राहिला होता. घराणं बुडालं तेव्हा काय काय बुडालं, हे सरांनी त्यात लिहिलं होतं. मी अध्यक्षांकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात समोर सर उठले. त्यांचे ओठ हलायला लागले. हात वर करून, बैठकीत करायचे तसेच, ते सभागृहाकडे वळून बोलत होते. ओठ पाहून मला कळत होतं की ते माझ्या हातातलंच पान म्हणतायत, शब्दही तेच, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मागं कुणीतरी हसलं. एका स्वयंसेविकेला वाटलं, आजोबांना पाणी हवंय. ती बाटली घेऊन धावत आली आणि झाकण काढून त्यांच्यापुढं धरून उभी राहिली.

मी माइकमध्ये म्हणाले, "हा निबंध यांनी लिहिलाय. त्यांचा आवाज आजारात गेलाय."

अध्यक्ष ओशाळले. माफी मागून म्हणाले, "वाचा, पूर्ण वाचा." पण सरांनी मला हातानं थांबवलं. त्या स्वयंसेविकेच्या हातातली बाटली घेतली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली बसले.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर मी राहिलेला भाग वाचून दाखवला. सर डोळे मिटून ऐकत होते. भाभी दाराशी बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या बैठकीला एकदाही आल्या नव्हत्या. कुणी त्यांना या म्हटलंच नव्हतं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ये सब इनोंच लिखे? मेरे को तो कभी सुनाए नईं." सरांनी डोळे उघडले. भाभींकडे पाहून ओठ हलवले. काय म्हणाले ते मला कळलं नाही. भाभींनाही कळलं नसावं, कारण त्या पुन्हापुन्हा विचारत राहिल्या, "क्या? क्या बोले जी?"

आजार उलटला आणि पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. पुरुष कब्रस्तानाकडे निघाले, मी भाभींजवळ थांबले. त्या म्हणाल्या, "आवाज गई तो मैं सोची थी, आदमी तो है ना घर में."

बैठक चालू ठेवायची असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. पहिल्या शनिवारी मीच बोलले. वकील आले होते, दोन शिक्षक, आणि सगळ्यात मागं, पदर डोक्यावर घेऊन, भाभी. मी बगदादबद्दल सांगत होते. चांगली तयारी केली होती. पण मधेच लक्षात आलं की कुणी माझ्याकडे बघत नाहीये; प्रत्येकजण दुसरंच काही ऐकायचा प्रयत्न करतोय. मलाही पुढचं वाक्य सुचेना. वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी म्हणाले, आज एवढंच.

खोलीला कुलूप लावून भाभींना रिक्षात बसवलं. पुढच्या महिन्यात मी कुणाला फोन केला नाही, आणि मलाही कुणाचा आला नाही.