अर्ध्या काळ्या फोटोंचं लग्न

जुना कॅमेरा विकून मी साताऱ्यातल्या एका दुकानातून नवा आणला. त्याचं पहिलं काम पलूसमधल्या आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांच्या लेकीचं लग्न. हळदीचे फोटो झकास आले. मंगलाष्टकांना मात्र कॅमेरा तापला आणि प्रत्येक फोटोचा खालचा अर्धा भाग काळा यायला लागला. बंद करून चालू केला, बॅटरी बदलली, फरक नाही. वर मुंडावळ्या बांधलेले दोन चेहरे, खाली डांबर. शेवटी मोबाइल काढला, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या आणि माझ्यापुढं पाहुण्यांची भिंत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला सुभेदारांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, बाजूला घेऊन बोलतील. त्यांनी मला पंगतीपुढं उभं केलं आणि काय झालं ते माझ्याच तोंडून सांगायला लावलं. माणसं जेवत होती. मागून कुणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

साताऱ्याच्या दुकानदारानं कॅमेरा हातातही घेतला नाही. पाडला असणार, म्हणाला. मी नाही म्हटल्यावर त्यानं शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुम्हीच सांगा, बाईमाणूस कधी कबूल करतं का?" दोघं हसले.

वॉरंटीत होता म्हणून मी तो सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला नेला. आतल्या शटरचा पडदा कारखान्यातूनच वाकडा बसलेला निघाला. त्यांनी शटर बदलून दिलं. तिथूनच मी दुकानदाराला फोन करून सगळं सांगितलं.

"झाला न्हवं दुरुस्त?" तो म्हणाला. "मग फोन कशाला केलाय?"

कॅमेरा घेऊन मी सुभेदारांकडं गेले. दोष माझा नव्हता हे सांगितलं, फोटो पुन्हा काढून देते म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकलं. लेक-जावई रविवारी येणार हायती, तवा ये, म्हणाले.

रविवारी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. अंगणात दोघं लग्नाच्या कपड्यांत उभे होते. समोर तासगावचा फोटोग्राफर. सुभेदारांनी एक मोठा लाइट माझ्या हातात दिला.

"आवं, माझा कॅमेरा नीट झालाय आता," मी म्हटलं.

"तो पिशवीतच ऱ्हाऊ दे. यांचा लाइटवाला आला न्हाई. तू धर."

गल्लीत कुणाच्या लग्नाला कोण फोटोग्राफर, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. मी लाइट धरला. अंतरपाट पुन्हा धरला गेला, सुभेदारांच्या बायकोनं पुन्हा अक्षता टाकल्या. चारदोन दाणे माझ्या केसांत पडले. नवरीनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"जरा लांब धरा की ताई. डोळ्यांत येतंय."

मी मागं सरकले.

पुढच्या हंगामात सुभेदारांनी शब्द टाकला आणि मला गल्लीतल्या दोन लग्नांचं काम मिळालं. दोन्हीकडं लाइट धरायचं.