तेहतिसावं घर

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली मँचेस्टरच्या आमच्या गणकयंत्रात हुकूम आणि आकडे ठेवायला फक्त बत्तीस घरं होती. थेल्मा बार्डस्लीच्या प्रोग्रामला तेहतीस लागत होती. चार वाजता यंत्रावर तिचा नंबर होता, आणि तो हुकला तर पुन्हा महिनाभर थांबायचं.

"तो शेवटच्या ओळीतला एकोणीस हा आकडा काढून टाक की," मी यंत्रातला काचेचा व्हॉल्व्ह बदलता बदलता म्हणालो.

"मग वजा काय करू विल्फ, तुझी अक्कल? ती वजा केली तरी उत्तर बदलायचं नाही!"

ती पुन्हा कागदावर वाकली. चहा गार झाला. एकाएकी ती किंचाळली, "अरे गाढवा, तो आत आहेच!"

"कोण?"

"एकोणीस! सातव्या घरात हुकूम आहे ना, 'एकोणिसाव्या घरी जा'? आपलं यंत्र 'जा' कसं लिहितं?"

"शून्याने. आणि पुढे घराचा क्रमांक."

"मग उरलं काय?"

"नुसता एकोणीस!" मला हसूच आवरेना. हुकूम म्हणून वाचा नाहीतर आकडा म्हणून, यंत्राला काय त्याचं!

तिने शेवटची ओळ खोडली आणि मला धरून अशा गिरक्या घेतल्या की चहा माझ्या बुटात गेला. आयुष्यात मी नाचलो तो तेवढाच.

चारला पडद्यावर ठिपके उमटले. उत्तर अचूक होतं. यंत्राच्या वेळा वाटून देणारे ऑर्मरॉड साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तेहतिसावं घर बांधलंत कुठे?"

"बांधलं नाही साहेब. सातव्यातच पोटभाडेकरू ठेवला!"