भालूची गिनती

आठवीनंतर शाळा सुटली. फौजेत ट्रेड्समन म्हणून लागलो. काश्मिरात, बर्फातल्या पोस्टवर मेसचं काम. भालूला जेवण घालणंही माझ्याकडेच.

भालू बकरवाल जातीचा कुत्रा, मेंढरं राखणारा, वासराएवढा. पाय अधू झाला म्हणून मेंढपाळ त्याला पोस्टवर सोडून गेलेले. ही जात हुकूम घेत नाही. 'बैठ' म्हटलं की तो नुसता बघायचा. पण एकदा कळप आपला मानला की संपलं. संध्याकाळच्या गिनती परेडला, म्हणजे हजेरीला, तो रांगेतल्या प्रत्येकाला हुंगायचा, मगच परातीला तोंड लावायचा.

नाईक सुरेश त्याला रोज विंचरायचा. केसांत ओल राहिली की कातडी सडते, हे त्यानंच मला शिकवलं. एका सकाळी सुरेशच्या गस्तीवर बर्फाचा कडा कोसळला. रेडिओवर आवाज आला, "वन मिसिंग. सर्च जारी. ओव्हर."

त्या संध्याकाळी भालूनं सगळ्यांना हुंगलं आणि गेटवर जाऊन बसला. परात भरलेलीच. मी मटण पुढे केलं. सुभेदारसाहेब म्हणाले, "राहू दे. त्याची गिनती पुरी नाही झाली."

सुरेशचा देह खाली आणल्यावर भालूनं तो हुंगला. मग जेवला.

रिटायर झालो तेव्हा साहेबांनी भालू मला दिला. गाव लांब जतकडे. नोकरी बाळकुमला सिक्युरिटीची, खोली दिवा स्टेशनजवळच्या चाळीत. नळाला पाणी नाही, वर उकाडा. हा मरतोय या भीतीनं मला झोप यायची नाही. शेजारची कोळीण, हिरामावशी, मासळीचा उरलेला बर्फ गोणपाटात बांधून आणायची. भालू त्यावर पोट टेकून पडायचा.

"भादर ना रं याला," ती म्हणायची.

"नको मावशी. ती लोकरच ऊन अडवते. विंचरायची फक्त."

"मग विंचर. तुझं तरी कोण विंचरतंय."

एकदा भालूनं खाणं सोडलं. डॉक्टरांना काही सापडेना. मी देव पाण्यात घालून बसलो. तो मात्र चाळीच्या तोंडाशी, रस्त्याकडे बघत. तेव्हा लक्षात आलं, मावशी लेकीच्या बाळंतपणाला कोपरला गेलेली. फोन केला. ती रिक्षानं आली. भालूनं तिचे हात हुंगले आणि परात चाटून पुसली.

"मेल्या, माझ्यासाठी उपास?" म्हणून ती पदरानं डोळे पुसत राहिली.

मागच्या हिवाळ्यात भालू झोपेतच गेला. मावशीच्या मुलांनी खाडीकाठी खड्डा खणला. मी सुरेशचं नाव घेतलं, भालूचं घेतलं, सॅल्यूट केला.

आता ड्युटीवरून आलो की भिंतीपलीकडून आवाज येतो, "फौजी, आलास का रं?"

"आलो मावशी."

मगच तिकडे तिचं ताट वाढल्याचा आवाज येतो.